फिरत्या कळफलकाचे फोन आणि मराठी लिहिणारा अंगठा

२००४ साली सीमेन्स कंपनीने ‘एसके६५’ नावाचा फोन बाजारात आणला. मिटलेला असताना तो त्या काळच्या इतर फोनसारखाच दिसायचा. वर पडदा, खाली आकड्यांच्या कळा. पण पाठीमागचा अर्धा भाग धरून पाव फेरा फिरवला, की फोनची फुली व्हायची. उभ्या फोनच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन पंख बाहेर यायचे आणि त्या पंखांवर टंकलेखन यंत्रावर असतात तशी सगळी इंग्रजी अक्षरे असायची. निम्मी डाव्या अंगठ्यासाठी, निम्मी उजव्या. लिहून झाले की उलटा पाव फेरा, आणि फोन खिशात. ब्लॅकबेरीची ईमेल सेवा त्यात दिलेली होती. कचेरीबाहेर असलेल्या माणसाचा पत्रव्यवहार थांबू नये, हा त्याचा उघड हेतू. आजच्या अर्थाने त्याला पुरता स्मार्टफोन म्हणता येणार नाही. पण स्मार्टफोन घडवताना माणसांनी काय काय करून पाहिले, याचा इतका बोलका नमुना मला दुसरा माहीत नाही.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक साधे गणित आहे. फोन एका हाताच्या मुठीत मावायचा, तर त्याची रुंदी पाच सेंटीमीटरच्या आसपास ठेवावी लागते. इंग्रजी ‘क्वर्टी’ कळफलकाच्या वरच्या ओळीत दहा अक्षरे असतात. म्हणजे एका कळीच्या वाट्याला जेमतेम पाच मिलिमीटर आले. माणसाच्या अंगठ्याचे टोक याच्या दुपटीहून रुंद असते. तोच फोन आडवा धरला तर दहा-अकरा सेंटीमीटर मिळतात आणि कळ एक सेंटीमीटरची होते. अंगठ्याला तेवढे पुरते. तेव्हा प्रश्न असा होता, की बोलताना अरुंद आणि लिहिताना रुंद अशी एकच वस्तू बनवायची कशी? फिरता कळफलक हे त्याचे उत्तर होते.

याआधीचे उत्तर आपण सगळ्यांनी वापरले आहे. आकड्यांच्या बारा कळा, त्यांतल्या आठ कळांवर तीन-तीन, चार-चार अक्षरे. सातच्या कळीवरचे चौथे अक्षर हवे तर कळ चारदा दाबायची. पुढे ‘टी९’ ही युक्ती आली. प्रत्येक कळ एकदाच दाबायची आणि कोणता शब्द असेल हे शब्दकोशावरून फोनने ओळखायचे. इंग्रजीपुरती ती उत्तम चालली. तरी लांबलचक पत्र लिहायला कोणी बारा कळा घेऊन बसत नव्हते.

नोकियाने १९९६ मध्ये ‘९००० कम्युनिकेटर’ आणला. तो पुस्तकासारखा उघडायचा, आत रुंद पडदा आणि पूर्ण कळफलक. वजन ३९७ ग्रॅम. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण होऊन तेव्हा वर्षच झाले होते (३१ जुलै १९९५, कोलकात्याहून ज्योती बसू आणि दिल्लीत सुखराम), आणि आपल्याकडे आलेला फोन उचलायलाही पैसे पडत होते. २००३ च्या सुमारास नोकियानेच ‘६८००’ काढला. त्यात आकड्यांच्या कळांची पाटीच वर उलटायची आणि पडदा मधोमध राहून दोन्ही बाजूंना अक्षरे उघडी पडायची. पडद्यावरचा मजकूरही आपोआप आडवा व्हायचा. हीच रचना २००६ च्या ‘ई७०’ या खऱ्याखुऱ्या स्मार्टफोनमध्ये आली. त्याच वर्षीच्या ‘३२५०’ मध्ये खालचा भाग पिळला की आकड्यांच्या जागी गाण्यांच्या कळा समोर येत. मोटोरोलाच्या ‘व्ही७०’ चे झाकण तर पूर्ण ३६० अंशांत फिरायचे, पण त्यातून दिसण्यापलीकडे फारसे काही साधत नव्हते. माझ्या मते या सगळ्यांत प्रामाणिक रचना ६८०० आणि ई७० यांची. त्यांत प्रत्येक हालचालीला काही काम होते.

मात्र ज्याने पुढचा इतिहास वळवला तो फोन वेगळाच. अमेरिकेत अँडी रुबिन, जो ब्रिट आणि मॅट हर्शेनसन यांनी ‘डेंजर’ नावाची कंपनी काढली होती. तिचा ‘हिपटॉप’ हा फोन २००२ मध्ये टी-मोबाइल कंपनीने ‘साइडकिक’ या नावाने विकायला काढला. यात कळफलक फिरत नव्हता, पडदा फिरत होता. अंगठ्याने कोपऱ्याला जरासा धक्का दिला, की पडदा अर्धा फेरा घेऊन सुलटा बसायचा आणि त्याच्याखाली झाकलेला कळफलक मोकळा व्हायचा. तरुण मुलामुलींना तो आवडला, त्याहूनही तो आपला वाटला कर्णबधिरांना. ज्यांना फोनवर बोलता-ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी खिशात मावणारा, नेहमी जोडलेला आणि भरभर लिहिता येणारा फोन ही चैनीची गोष्ट नव्हती. फोनचा खरा उपयोग बोलण्याइतकाच लिहिण्यासाठी आहे, हे त्यांनी इतरांच्या कितीतरी आधी ओळखले होते.

साइडकिकमधली दुसरी नवी गोष्ट आत दडलेली होती. नंबर, पत्रे, छायाचित्रे फोनबरोबरच कंपनीच्या संगणकांवरही साठत. फोन हरवला तर नव्या फोनमध्ये सगळे परत यायचे. आज आपण हे गृहीत धरतो. त्याचा धोकाही याच फोनने दाखवला. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने डेंजर विकत घेतली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ते संगणक बिघडून असंख्य ग्राहकांची माहिती दिसेनाशी झाली. आधी ती कायमची गेली असे सांगण्यात आले, नंतर बरीचशी परत मिळवता आली. ३१ मे २०११ रोजी ही सेवा बंद झाली.

तोवर रुबिन दुसऱ्या वाटेला लागून बरीच वर्षे झाली होती. २००३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह अँड्रॉइड ही कंपनी स्थापन केली, २००५ मध्ये गूगलने ती घेतली, आणि २००८ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला. एचटीसीने बनवलेला ‘जी१’. त्यालाही कळफलक होता, आणि पडदा सरळ रेषेत न सरकता किंचित कमान घेत बाजूला व्हायचा. ही नुसती हौस नव्हती. अँड्रॉइडच्या पहिल्या आवृत्तीत पडद्यावर उमटणारा कळफलकच नव्हता. तो २००९ च्या १.५ आवृत्तीत आला. आज जगातले बहुतेक फोन ज्या प्रणालीवर चालतात, तिला पहिले काही महिने खऱ्या कळांवाचून एक शब्दही लिहिता येत नव्हता.

फिरणाऱ्या फोनची गंमत बाहेरून दिसते, कस लागतो तो आत. दोन भाग एका खिळ्यावर बसवले की झाले, असे होत नाही. पहिली अडचण अशी, की तो भाग उघडा तरी राहिला पाहिजे किंवा मिटलेला तरी. अधेमधे लोंबकळता कामा नये. त्यासाठी आत एक स्प्रिंग अशी बसवतात, की निम्मा फेरा होईपर्यंत ती विरोध करते आणि निम्मा ओलांडला की तीच पुढे ढकलते. ‘टक्’ असा जो समाधानाचा आवाज येतो, तो या स्प्रिंगचा आणि खाचेत बसणाऱ्या दाताचा.

दुसरी अडचण तारांची. पडदा एका भागात, मेंदू दुसऱ्या भागात, आणि मध्ये फिरणारा सांधा. साध्या तारा हजारो वेळा वळल्या की तुटतात. म्हणून तिथे पॉलिइमाइड या चिवट प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर तांब्याच्या रेषा असलेली लवचीक पट्टी वापरतात. कोणतीही पट्टी वाकवली की तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ताण येतो. पट्टी जितकी जाड तितका ताण जास्त, वळण जितके मोठे तितका कमी. म्हणून तांबे केसाहून पातळ ठेवायचे आणि पट्टी सांध्याभोवती सैल गुंडाळी करून सोडायची, म्हणजे फिरताना ती दुमडत नाही, फक्त थोडी घट्ट-सैल होते. इतके करूनही फिरत्या आणि सरकत्या फोनमध्ये सर्वांत आधी जायची ती हीच पट्टी. दुरुस्तीवाले तिला ‘फ्लेक्स’ किंवा ‘स्ट्रिप’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटच्या मोबाइल बाजारात ज्यांनी त्या काळात स्क्रू-ड्रायव्हर हाती धरला, त्यांना पडद्यावर उभ्या रेघा आल्या की स्ट्रिप गेली, हे फोन न उघडता कळायचे. मराठवाड्यातला उन्हाळ्याचा बारीक फुफाटा सांध्यात शिरला की हे दुखणे आणखी लवकर यायचे.

या शहराला हे यंत्रज्ञान परके वाटायचे कारण नव्हते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत डाय, साचे, पत्र्याचे दाबकाम, प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारी हजारो कसबी माणसे आहेत. दंडगोल किती ढिला आणि किती घट्ट बसवायचा, हा त्यांच्या रोजच्या कामातला प्रश्न. खुद्द सीमेन्सच्या इथल्या कारखान्यात रेल्वेच्या बोगी, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटी तयार होतात. आणि दूरचित्रवाणी संचांमुळे देशभर गेलेले व्हिडिओकॉनचे नाव तर याच शहराचे. धूत कुटुंबाच्या या उद्योगाचा कारखाना पैठण रस्त्यावर चितेगावला. २००९ च्या अखेरीस व्हिडिओकॉन मोबाइल फोनच्या धंद्यात उतरली आणि दोन सिमचे, परवडतील असे फोन तिने विकायला सुरुवात केली. पुढे मोबाइल सेवाही सुरू केली. पण २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जे १२२ टू-जी परवाने रद्द केले, त्यांत व्हिडिओकॉनचे २१ होते. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या शहरातून निघालेला एक भारतीय फोन जगाच्या बाजारात टिकला असता, ही संधी हुकली याचे मला आजही वाईट वाटते.

फिरत्या कळफलकाची हौस भारतीय कंपन्यांनीही केली. मायक्रोमॅक्सने २०१० मध्ये ‘क्यू५५ ब्लिंग’ नावाचा चौकोनी, खडे जडवलेला फोन आणला होता. त्याचा वरचा भाग बाजूला फिरवला की खाली क्वर्टी कळा दिसायच्या. सीमेन्सचा असो, डेंजरचा असो की मायक्रोमॅक्सचा, कळा उघडल्यावर त्यांवर छापलेली अक्षरे तीच होती. इंग्रजीची सव्वीस.

मराठीची गोष्ट इथून सुरू होते.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने जी वर्णमाला प्रमाण ठरवली, तिच्यात ५२ वर्ण आहेत. त्यांखेरीज काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, हलन्त. क्वर्टीचा मोबाइलवरचा कळफलक म्हणजे सव्वीस अक्षरांच्या कळा आणि वरून शिफ्ट, स्पेस, एंटर अशा चार-दोन. मग इथे देवनागरी बसवणे अशक्यच होते का? तसे म्हणता येत नाही. संगणकासाठी ‘इनस्क्रिप्ट’ ही मांडणी तयार होती. ती १९९१ मध्ये भारतीय मानकात आली आणि पुण्याच्या सी-डॅकने तिचा प्रसार केला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, एकाच कळीवर क आणि शिफ्ट दाबून ख. ही अतिशय विचारपूर्वक केलेली मांडणी आहे, आणि ती सगळ्या भारतीय लिपींना एकच आहे. पण तिने संगणकाचा पूर्ण कळफलक गृहीत धरला होता. ड ही कळ तिने चौकटी कंसाच्या जागी ठेवली, च अर्धविरामाच्या जागी, ट अवतरणचिन्हाच्या जागी आणि य तिरप्या रेघेच्या जागी. मोबाइलच्या छोट्या कळफलकांवर या चार कळा स्वतंत्र नसायच्याच. म्हणजे इनस्क्रिप्ट जशीच्या तशी उचलून फोनवर ठेवली असती, तर च, ट, ड आणि य ही अक्षरे बाहेर पडली असती. या चार अक्षरांवाचून मराठीत एक धड वाक्य लिहून पाहा.

दुसरा अडसर छपाईचा. कळ ही प्लास्टिकची वस्तू. तिच्यावरचे अक्षर कारखान्यात एकदा उमटले की कायमचे. जर्मनीसाठी दोन अक्षरांची अदलाबदल करून वेगळ्या कळा छापाव्या लागत, फ्रान्ससाठी आणखी वेगळ्या. तिथे महागडा फोन घेणारे ग्राहक लाखांनी होते, म्हणून कंपन्या ते करत. मराठी माणूस असा फोन घेईल आणि त्यावर मराठीत लिहील, असे कोणी धरून चालले नाही. आणि इथे एक खंत बोलून दाखवतो. सरकारी लिपिकपदासाठी मिनिटाला ३० मराठी शब्द टंकित करण्याचे प्रमाणपत्र लागते. ते मिळवण्यासाठी टंकलेखन संस्थांमध्ये पहाटेपासून बसणारी मुलेमुली प्रत्येक तालुक्याच्या गावात होती. मराठी टंकलेखनात तयार झालेल्या बोटांचा देशात एवढा मोठा साठा असताना फोन बनवणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

स्वस्त फोन याबाबतीत महागड्यांच्या पुढे होते. आकड्यांच्या कळांवर देवनागरी छापलेले फोन भारतात आले, त्यांत वर्णमालेचे वर्ग एकेका कळीवर बसवले होते. क-वर्गाच्या कळीवर घ हवा तर चारदा दाबा, मग वेलांटीसाठी दुसरी कळ, जोडाक्षर असेल तर मध्ये हलन्त. चिकाटीची माणसे असेही लिहीत. पण लिहून झाल्यावर पुढे एसएमएसचा हिशेब उभा राहायचा.

तो हिशेब समजून घेण्यासारखा आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजीच्या एका अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी युनिकोड वापरावे लागते, त्यात प्रत्येक खुणेला १६ बिट. म्हणून फक्त ७० खुणा. आणि खूण म्हणजे अक्षर नव्हे. काना वेगळा मोजला जातो, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव वाचताना दहा अक्षरांचे आहे, पण मोजताना मधल्या जागेसह १७ खुणा होतात. एका संदेशाचा चौथा हिस्सा शहराच्या नावातच संपला. तेच रोमन लिपीत लिहिले तर २५ अक्षरे लागतात, म्हणजे १६० पैकी साधारण सहावा हिस्सा. मजकूर ७० च्या पुढे गेला की दुसऱ्या संदेशाचे पैसे. शिवाय पलीकडच्या फोनमध्ये देवनागरी नसेल, तर त्याला नुसते चौकोन दिसायचे.

मग लोकांनी काय केले हे सांगायला नको. एका अख्ख्या पिढीने मराठी रोमन लिपीत लिहिली. लग्नाची बोलणी, परीक्षेचे निकाल, दुकानातला हिशेब, रुसवेफुगवे, सगळे त्या सव्वीस अक्षरांत. त्यात ‘वेल’ आणि ‘वेळ’ एक झाले, ‘मन’ आणि ‘मण’ एक झाले, त-ट आणि द-ड यांचा भेद गेला. वाचणारा संदर्भावरून समजून घ्यायचा. या लोकांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातातल्या यंत्राने त्यांना दुसरी सोयीची वाट ठेवलीच नव्हती.

ज्या २००४ मध्ये एसके६५ आला, त्याच वर्षी पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कीलेख’ नावाचा कळफलक मांडला. त्यांचा विचार उलट दिशेने सुरू झाला होता. इंग्रजी कळफलकात मराठी-हिंदी कोंबण्याऐवजी, शाळेत पाटीवर शिकलेली वर्णमाला आपल्याला पाठ आहे, तर कळांची रांग तिच्याच क्रमाने का नको? हेच केंद्र र. कृ. जोशी यांच्यामुळे भारतीय लिपींच्या अभ्यासाचे मोठे ठिकाण झालेले होते. विंडोज २००० पासून कोट्यवधी संगणकांवर देवनागरी दाखवणारा ‘मंगल’ हा टंक त्यांनीच घडवला.

कीलेखमागचा विचार आपल्या फोनमध्ये यायला मात्र कळाच नाहीशा व्हाव्या लागल्या. २००७ मध्ये आयफोनने संपूर्ण दर्शनी भाग काचेचा केला. ऑगस्ट २००८ मध्ये तो भारतात आला, पुढच्या वर्षी अँड्रॉइड फोन आले. काचेवर कळ म्हणजे एक चित्र. ते चित्र बदलायला कारखाना लागत नाही, साचा लागत नाही, छपाई लागत नाही. मराठीसाठी वेगळे अक्षर दाखवण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. सुरुवातीच्या अँड्रॉइडवर देवनागरी नीट उमटत नसे, तेही २०११-१२ नंतर सुधारले.

२०१३ मध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ हे अॅप दिले, आणि माझ्या दृष्टीने फिरत्या कळफलकाचा खरा मराठी वारस तोच. पडद्यावर व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. क वर अंगठा टेकवला, की त्याच्याभोवती चक्र उमलते आणि त्यात क ची बाराखडी दिसते. का हवा तर त्या बाजूला अंगठा सरकवा, कू हवा तर त्या बाजूला. नुसता क हवा असेल तर अंगठा उचला. जोडाक्षरासाठी हलन्तही त्याच चक्रात. सगळ्या व्यंजनांच्या चक्रात मात्रांच्या जागा ठरलेल्या असल्याने थोड्या सरावाने अंगठा न पाहता वळतो. सीमेन्सच्या अभियंत्यांनी धातू आणि स्प्रिंग वापरून अख्खा फोन फिरवला होता. पवईकरांनी प्रत्येक अक्षराभोवती तेवढेच फिरणे काचेवर आणले, आणि त्यासाठी आधार घेतला पहिलीच्या वर्गातल्या पाठांतराचा. हे अॅप पुढे अनेक भारतीय भाषांत आले.

मराठीच्या काही खास गरजा सगळ्यांच्या शेवटी भागल्या. ‘ॲप’ किंवा ‘ॲसिड’ लिहिताना लागणारा, अ वर चंद्र असलेला स्वर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आला तो २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधीच्या फोनवर आजही त्याच्या जागी चौकोन दिसतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ मधला र वेगळा आणि ‘सूर्य’ मधला रफार वेगळा, हे हिंदीसाठी बनवलेल्या मांडण्यांना ठाऊक नसायचे. २०१६ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १६३३३ मानकाचा तिसरा भाग काढला आणि देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत, अशी तरतूद झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठी श्रुतलेखन सुरू केले, म्हणजे बोलायचे आणि फोनने लिहायचे. ज्येष्ठांना याचा फार उपयोग झाला. तरीही आज मराठी लिहिणारे पुष्कळ जण रोमन अक्षरे दाबून फोनकडून देवनागरी करून घेतात. ते चालते, पण मराठी शब्दाला आधी इंग्रजी सव्वीस अक्षरांतून जावे लागते, आणि ल-ळ, न-ण यांची निवड दर वेळी यंत्राच्या अंदाजावर सोडावी लागते. थेट मराठी मांडणीवर चार दिवस हात बसू द्यावा, असे मी भेटेल त्याला सांगतो.

फिरणारे फोन पूर्ण संपले असेही नाही. एलजीने २०२० मध्ये ‘विंग’ आणला. त्याचा ६.८ इंचांचा पडदा पाव फेरा घेऊन आडवा होत असे आणि खालचा ३.९ इंचांचा दुसरा पडदा उघडा पडत असे. सोळा वर्षांपूर्वीच्या एसके६५ चीच चाल, फक्त कळांच्या जागी काच. आपल्याकडे पुण्याजवळ रांजणगावला कारखाना असलेल्या या कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये मोबाइलचा धंदाच बंद केला. घडीचे फोन मात्र विकले जात आहेत, आणि त्यांच्यात पुन्हा तीच बिजागरी, तीच लवचीक पट्टी, तोच धुळीचा प्रश्न आहे. वीस वर्षांपूर्वीच्या फिरत्या फोनमध्ये जे शिकले गेले, ते आज कामाला येत आहे.

म्हणून एक विनंती. आपल्या घरात, एखाद्या कपाटाच्या खणात असा फिरणारा, सरकणारा, उलटणारा फोन पडला असेल, तर तो भंगारात देऊ नका. छत्रपती संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूम आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी नायलिट आहे. तिथे शिकणारा एखादा विद्यार्थी तुमच्या नात्यात, शेजारात नक्की असेल. तो फोन त्याच्या हाती द्या आणि उघडून पाहायला सांगा. स्प्रिंग कशी बसवली आहे, पट्टी कशी गुंडाळली आहे, हे चित्रापेक्षा हातात घेऊन लवकर कळते. देण्याआधी बॅटरी तेवढी काढून घ्या. ती फुगलेली असेल तर टोचू-दाबू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर पोहोचवा.